इंजिन बांधायचे की बदलायचे : मलकापूर परिसरातील दीडशे वर्षांचा व्यवहार

बिघडलेले इंजिन खोलून पुन्हा बांधायचे, की ते उतरवून दुसरे चढवायचे, हा प्रश्न मलकापूरच्या परिसरात रेल्वे आणि कापसाच्या जिनांबरोबर आला. नळगंगेच्या काठचे हे गाव पूर्णा खोऱ्याच्या काळ्या जमिनीत, वऱ्हाडच्या पश्चिम टोकाला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून फुटलेला फाटा १८६७ साली नागपूरला पोहोचला. त्या मार्गावर भुसावळपासून सुमारे ५० किलोमीटरवर मलकापूरचे स्थानक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–१८६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तोडला होता आणि वऱ्हाडी कापसाला त्यापूर्वी कधी नव्हता असा उठाव आला होता. पूर्वी बैलांच्या पाठीवरून आठवडे घेत जाणारा माल आता रेल्वेने मुंबईला जाऊ लागला. रेल्वेने जाणारा माल सरकी काढून, दाबून, गाठी बांधून पाठवणेच परवडे. त्यासाठी रेल्वेलगतच्या गावांत जिन आणि प्रेस उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर या भागातील पहिली कारखानी इंजिने आली.

जुन्या जिनाची रचना एका इंजिनावर तोललेली असे. एका छपराखाली जिनांची रांग, तिच्या लगत गेलेला लांब शाफ्ट, त्यावरून प्रत्येक जिनाला दिलेला चामड्याचा पट्टा, आणि हे सारे फिरवणारे एकच आडवे वाफेचे इंजिन. इंजिन थांबले की सगळी रांग थांबे आणि आवारात कापसाच्या गाड्या खोळंबत. कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. कारखान्याची वर्षाची कमाई एवढ्या चार-पाच महिन्यांत व्हायची. नवे इंजिन किंवा त्याचा मोठा भाग इंग्लंडहून बोटीने मागवायचा म्हणजे हंगाम हातचा गेलाच. त्यामुळे वाफेच्या काळात ‘बदलायचे का’ हा प्रश्न व्यवहारात फारसा उरतच नसे. इंजिन आहे त्या जागी, आहे त्या लोखंडात दुरुस्त करायचे. खरा निर्णय असे तो वेळेचा: आता जेमतेम चालवून घ्यायचे की आताच खोलायचे. जे शक्य असेल ते पावसाळ्यावर ढकलले जाई, कारण तेव्हा जिन बंदच असत. दुरुस्तीला कापसाचेच पंचांग लागू होते.

ही इंजिनेही दुरुस्तीसाठीच घडवलेली होती. ती सावकाश फिरत. त्यांचे भाग जाडजूड असत आणि झिजेची भरपाई करण्याची सोय त्यांच्या मूळ आराखड्यातच असे. बेअरिंगच्या ओतीव घरात आतून व्हाइट मेटलचा, म्हणजे कथिलप्रधान मऊ मिश्रधातूचा थर असे. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली काढलेल्या या युक्तीने सगळी झीज त्या मऊ थरावर येई आणि पोलादी शाफ्ट वाचे. थर झिजला की तो वितळवून काढायचा, शाफ्ट मध्यावर धरून नवा रस ओतायचा आणि निवल्यावर हाताने खरवडून बसवायचा. या कामाला कोळशाची भट्टी, पळी, खरवडणी आणि जाणता फिटर एवढेच पुरे. सिलिंडर लंबवर्तुळाकार झिजला असेल तर जागेवरच बोअरिंगचा दांडा लावून तो पुन्हा गोल करता येई आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालता येई. अशी इंजिने पन्नास-पन्नास वर्षे चालली यामागे त्यांच्या लोखंडाइतकीच ही सोय होती.

बॉयलरची गोष्ट मात्र वेगळी होती. तिथे निर्णय मालकाच्या हातात राहिला नाही. १९२३ च्या इंडियन बॉयलर्स अॅक्टने तपासणी आणि दाखला देशभर सक्तीचा केला. दाखल्यावर जास्तीत जास्त किती दाब चालेल ते लिहिलेले असे. पत्रा गंजून पातळ झाला असेल तर निरीक्षक तो दाब उतरवी. त्यातून बांधणे आणि बदलणे यांच्या मधला एक तिसरा मार्ग तयार झाला: यंत्र तेच ठेवायचे आणि त्याच्याकडून काम कमी घ्यायचे. दाब उतरला की इंजिनाची ताकद घटे आणि त्याच शाफ्टवर कमी जिन चालत. दाब आणखी उतरला तर एक दिवस हिशेब उलटे, आणि बॉयलर मोडीत निघे. यंत्राचे वय ठरवणारा असा बाहेरचा माणूस पुढे मोटारींच्या बाबतीतही आला, पण त्याला आणखी काही दशके जावी लागली.

या कामाची जाण असलेली सर्वांत मोठी वस्ती जवळच भुसावळला होती. तिथली रेल्वेची लोको शेड देशातील मोठ्या शेडांपैकी होती आणि फिटर, बॉयलरमेकर, टर्नर यांच्या पिढ्या तिथे घडल्या. ब्रिटिश पद्धतीच्या रेल्वे कारखान्यांनी या प्रश्नाला एक वेगळे उत्तर काढले होते. बॉयलरच्या दुरुस्तीला इंजिनाच्या इतर दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून कारखाना काही बॉयलर जादा ठेवी. इंजिन आले की त्याचा बॉयलर उतरवायचा, तयार असलेला दुसरा चढवायचा आणि इंजिन गाडीला पाठवून द्यायचे. उतरवलेला बॉयलर सवडीने दुरुस्त होऊन तिसऱ्याच इंजिनावर जाई. इंजिनाचा क्रमांक सांगाड्याबरोबर राही आणि बॉयलर फिरत राहत. एका यंत्राच्या मालकाला हे परवडत नाही. एकाच जातीची शेकडो यंत्रे ज्याच्याकडे आहेत त्यालाच ते परवडते. हा भेद पुढच्या सगळ्या इतिहासात महत्त्वाचा ठरला.

तेलावर चालणाऱ्या इंजिनांनी हा व्यवहार कारखान्याच्या फाटकाबाहेर काढला. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वी झाले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लहान तेल-इंजिने पिठाच्या गिरण्यांत, तेलघाण्यांत आणि विहिरींवर पोहोचली. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३३ साली डिझेल इंजिन बनवले. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. विहिरीवरच्या मोटेची जागा घेणारी जी इंजिने आली ती मुख्यतः दोन घराण्यांची होती. एक विलायती लिस्टरच्या धर्तीचे, मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेणारे, दोन जड चाकांचे. त्याच्या प्रतिकृती राजकोटच्या कारखान्यांनी मोठ्या संख्येने काढल्या. दुसरे किर्लोस्करच्या एव्ही-वनसारखे, ८० मिलिमीटर बोअर आणि ११० मिलिमीटर स्ट्रोकचे, १५०० फेऱ्यांना ५ अश्वशक्ती देणारे. पहिले जड आणि सोसणारे, दुसरे हलके आणि आटोपशीर.

राजकोटच्या मालाने एक मोठा फरक पडला. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, नॉझल, एवढेच काय क्रँकसुद्धा सुटा विकत मिळू लागला, आणि तो एकाच्या इंजिनाचा दुसऱ्याच्या इंजिनात बसे. त्यामुळे विहिरीवरचे इंजिन एकदम कधी बदलले जात नसे. या वर्षी लायनर-पिस्टन, दोन वर्षांनी क्रँक, पुढे हेड, असे ते हप्त्याहप्त्याने बदलत जाई. शेवटी मूळचे म्हणावे असे चाक आणि बैठकच उरे. शेतकऱ्याच्या पैशाची आवक हंगामी असते, आणि तिच्याशी ही रीत जुळणारी होती. नव्या इंजिनाची पूर्ण रक्कम एका वेळी उभी करणे बहुतेकांना शक्य नव्हते. कापूस विकल्यावर एक भाग घेणे शक्य होते.

या खोऱ्यात इंजिनाला स्वतःचा असा एक शत्रू आहे, तो म्हणजे पाणी. बुलढाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. तिथले भूजल क्षारयुक्त आहे. विहिरीवरचे पाण्याने थंड होणारे इंजिन बहुधा त्याच विहिरीचे पाणी स्वतःभोवती खेळवते. पाणी तापले की क्षार लायनरच्या बाहेरच्या अंगावर आणि हेडच्या वाटांत थराथराने बसतात. थर उष्णता अडवतो, लायनर नको इतका तापतो, तेलाचा पापुद्रा जळतो आणि पिस्टन धरतो. अशा इंजिनात नुसता लायनर-पिस्टनचा नवा संच टाकला आणि पाण्याच्या वाटा खरडून काढल्या नाहीत, तर नवा संचही त्याच वाटेने जातो. इंजिन बांधणाऱ्याला मोडलेला भाग ओळखता येणे हे निम्मे काम आहे. तो का मोडला हे कळल्याशिवाय बांधणे किंवा बदलणे, दोन्ही पैसे पाण्यात घालणेच ठरते. मिस्त्रीची खरी परीक्षा इथे होते, आणि त्या कौशल्याला इतिहासात हक्काची जागा मिळायला हवी.

मोटारगाड्यांची सुरुवात परदेशी मालाने झाली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, पण इंजिने आणि मुख्य भाग बाहेरूनच येत. दुसऱ्या महायुद्धात ती आवक आटली आणि पेट्रोलवर रेशन आले. अनेक बस आणि लॉऱ्यांच्या मागे लोणारी कोळशाचा गॅस तयार करणारी भट्टी बसवली गेली. हा गॅस नीट गाळला गेला नाही तर राख सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा आणि बोअर खात असे. इंजिने एरवीपेक्षा लवकर झिजली आणि त्याच वेळी सुटे भाग मिळेनासे झाले. झिजलेल्या बोअरमध्ये बीडाची बाही दाबून तो पुन्हा मूळ मापाला आणणे, म्हणजे स्लीव्ह मारणे, अशा कामांना त्या टंचाईने महत्त्व आणले. युद्ध संपल्यावर लष्कराने विक्रीला काढलेल्या फोर्ड, शेवरले, डॉज लॉऱ्या मालवाहतुकीत आल्या. त्यातल्या काही चालवण्यासाठी घेतल्या जात, काही नुसत्या भागांसाठी.

पुढची चाळीस वर्षे या व्यवसायाला घडवणारी घटना सरकारी धोरणाची होती. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर ज्या कंपन्या देशात उत्पादन करायला तयार नव्हत्या त्यांना नुसती जुळणी करण्याची मुभा राहिली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले काम आवरले. टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार करून टाटा-मर्सिडीज ट्रक काढले. आयात बंद आणि देशी उत्पादन परवान्याने बांधलेले, त्यामुळे नवा ट्रक हवा तेव्हा मिळत नसे, नोंदणी करून थांबावे लागे. जुना ट्रक चालता ठेवण्याला अशा काळात जी किंमत येते ती नुसत्या यंत्राची नसते. रस्त्यावरच्या प्रत्येक दिवसाला भाडे असते. मलकापुरातून जाणारा सुरत–नागपूर–कोलकाता हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ (आताचा ५३) मालट्रकांचा मोठा रस्ता होता, आणि त्याच्या कडेला वाढलेल्या गॅरेजांचे पोट या टंचाईवरच चालले.

त्या रस्त्यावर टाटांच्या ६९२ आणि ६९७ या इंजिनांचा बोलबाला होता. क्रमांकातच माप होते: सहा सिलिंडर, आणि बोअर अनुक्रमे ९२ व ९७ मिलिमीटर. एकाच जातीची इंजिने वर्षानुवर्षे बनत राहिल्याने देशी सुट्या भागांचा मोठा उद्योग उभा राहिला. मद्रासच्या इंडिया पिस्टन्सची स्थापना १९४९ ची, इंधनपंप आणि नॉझल बनवणाऱ्या बंगळूरच्या मायकोची १९५१ ची, आणि क्रँक घडवणाऱ्या पुण्याच्या भारत फोर्जची १९६१ ची. नवा ट्रक दुर्मीळ आणि नवे भाग मुबलक, या जोडीने इंजिन पुन्हा बांधण्याचा धंदा भरभराटीला आला. ट्रॅक्टर आल्यावर त्यांचीही त्यात भर पडली.

इंजिन खोलण्याआधीच मिस्त्रीचे अर्धे मत झालेले असते. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खाते आहे, काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही, पांढरी वाफ न थांबता येत असेल तर पाणी आत शिरते आहे. ब्रीदरमधून धूर फुंकल्यासारखा येत असेल तर रिंगा आणि बोअर गेले. तेलाचा दाब इंजिन तापल्यावर पडत असेल तर बेअरिंगा गेल्या. ऑइल चेंबर उतरवून तळाशी चकाकणारा चुरा दिसला तर तो कोणत्या धातूचा आहे हे बोटांवर चोळून पाहिले जाते.

खोलल्यावर कामाची पायरी ठरते. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणे, हेड प्लेन करणे, नवी गॅसकेट टाकणे हे सर्वांत हलके काम. रिंगा, पिस्टन, लायनर एवढे बदलून क्रँक जागेवरच ठेवला तर ते ‘हाफ इंजिन’. क्रँकसुद्धा काढून ग्राइंड करून, सगळ्या बेअरिंगा नव्या टाकून केलेले ते ‘फुल इंजिन’. या पायऱ्यांच्या पलीकडे इंजिन बदलण्याचा विचार सुरू होतो, आणि तिथे तीन भाग बोलतात: बोअर, क्रँक आणि ब्लॉक.

बोअरबद्दल फारशी चिंता नसते. पिस्टन सर्वांत वर जिथे थांबतो त्याच्या जरा खाली झीज जास्त होते आणि वर एक कड उरते. ती बोटाला लागते, आणि डायल गेजने मापता येते. लायनर नसलेल्या ब्लॉकमध्ये बोअर पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर असा वाढवत जाऊन त्या मापाचे पिस्टन टाकता येतात. शेवटच्या मापानंतर स्लीव्ह मारून पुन्हा पहिल्या मापाला येता येते. लायनर असलेल्या इंजिनात तर तो दाबून काढायचा आणि नवा बसवायचा. ब्लॉक कायम ठेवून झिजणारा पृष्ठभाग तेवढा बदलायचा, ही लायनरमागची कल्पना डिझेल इंजिनाच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण आहे.

क्रँकचे तसे नाही. त्याच्या जर्नलवरची झीज घासून काढता येते, पण घासणे म्हणजे धातू कमी करणे. इथेही पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्या आहेत. कारागीर अजून इंचाच्या हजाराव्या भागात बोलतात: दहा, वीस, तीस, चाळीस. प्रत्येक ग्राइंडिंगला जाड बेअरिंग लागते. चाळीसच्या पुढे बेअरिंग मिळत नाही, आणि जर्नलचा कठीण केलेला वरचा थरही संपत आलेला असतो. शिवाय क्रँकला भेग असेल तर माप कितीही चांगले असून उपयोग नाही. जिथे चुंबकीय तपासणीचे यंत्र नाही तिथे क्रँक रॉकेलमध्ये भिजवून, पुसून, त्यावर खडूची पूड लावण्याची जुनी रीत आहे. भेगेत राहिलेले रॉकेल खडूवर रेष उमटवते. टांगून ठोकल्यावर क्रँक घणघणला तर बरे, बद्द वाजला तर संशय. क्रँक ग्राइंडिंगची यंत्रे महाग आणि जड, म्हणून ती अकोला, जळगाव अशा मोठ्या गावांत बसली. लहान गावचा मिस्त्री इंजिन खोलतो आणि बांधतो, क्रँक मात्र बाहेरगावी जाऊन येतो.

ब्लॉक फुटला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतोच. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तुटून रॉड ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर आला, किंवा क्रँकच्या बेअरिंगची घरे एका रेषेत राहिली नाहीत, तर ते इंजिन मोडीत. पाण्याच्या जॅकेटला गेलेली भेग मात्र शिवता येते: भेगेच्या बाजूने भोके पाडून त्यांत एकमेकांना धरणारे धातूचे खुंट बसवत जायचे. बीडाला वेल्डिंग करताना तो तडकण्याची भीती असते, म्हणून ही थंड शिवण जास्त भरवशाची मानली जाते.

मोटारींच्या ड्रॅग शर्यतींत, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ धावेच्या शर्यतींत, हाच व्यवहार टोकाला गेलेला दिसतो. अमेरिकेतील ‘टॉप फ्युएल’ या सर्वांत वेगवान वर्गातले ५०० घनइंची इंजिन नायट्रोमिथेनवर चालते, आणि २००८ पासून तिथली धाव १००० फुटांची केली आहे. ती संपायला चार सेकंदही लागत नाहीत. प्रत्येक धावेनंतर तंबूत इंजिन उघडले जाते, पिस्टन, रॉड, बेअरिंगा पाहून बदलल्या जातात आणि तासाभराच्या आत ते पुढच्या फेरीला तयार होते. अख्ख्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेल्या त्या ब्लॉकमध्येही बदलता येणारे लायनर असतात. ब्लॉक टिकवायचा आणि आतले बदलायचे, हे तत्त्व विहिरीवरच्या इंजिनाचेच आहे. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या शर्यतींत बहुतेक गाड्या मूळच्या रस्त्यावरच्या, ताकद वाढवलेल्या होत्या. अशा गाडीत फुटलेल्या इंजिनाचा निर्णय ट्रकवाल्याच्या निर्णयाहून एका बाबतीत वेगळा पडतो. मूळ मापाने पुन्हा बांधले तर मूळचीच कमजोरी परत येते आणि वाढवलेल्या ताकदीला ती पुन्हा मोडते. भंगारातून आणलेले तसलेच दुसरे इंजिन चढवले तरी तेच. म्हणून तिथे बांधणे म्हणजे घडीव पिस्टन, मजबूत रॉड घालून इंजिनाचा दर्जा चढवणे असते, आणि बदलणे हा स्वस्त पण तात्पुरता उपाय असतो.

एसटीने, म्हणजे राज्य परिवहन महामंडळाने, रेल्वेची अदलाबदलीची रीत धरली. विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर इथली सरकारी बससेवा महामंडळाच्या कक्षेत गेली. मलकापूरचे आगार बुलढाणा विभागात मोडते. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे आहेत आणि त्यांच्या खाली विभागीय कार्यशाळा. आगारात इंजिन गेले की ते उतरवून बांधून तयार असलेले दुसरे चढवायचे आणि जुने कार्यशाळेकडे पाठवायचे. बस थांबत नाही, इंजिने फिरत राहतात. एकच ट्रक असलेल्या मालकाला हे जमत नाही. त्याचा ट्रक इंजिन बांधून होईपर्यंत गॅरेजसमोर उभा असतो आणि कर्जाचा हप्ता चालू असतो. म्हणून त्याच्या हिशेबात सुट्या भागांच्या बिलाइतकेच उभे राहण्याचे दिवस मोजावे लागतात. तुरीच्या, कापसाच्या हंगामात अशा मालकाला जुने तयार इंजिन महाग पडूनही घेणे शहाणपणाचे ठरते.

जुन्या इंजिनांचा बाजार मोडीत निघालेल्या आणि अपघातग्रस्त गाड्यांवर चालतो. मुंबईत कुर्ल्याची जुन्या भागांची दुकाने त्यासाठी सर्वांना ठाऊक आहेत. अशा इंजिनाचे आतले काहीच दिसत नाही, त्यामुळे घेणारा विक्रेत्याच्या शब्दावर पैसे लावतो. त्याहून मोठी अडचण कागदाची. मोटार वाहन कायदा, १९८८ आणि १९८९ चे केंद्रीय नियम यांनुसार इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो आणि इंजिन बदलले तर त्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. बांधलेल्या इंजिनाचा ब्लॉक तोच, म्हणून क्रमांकही तोच. बदललेल्याचा क्रमांक परका, आणि त्याचे मूळ बिल हाती नसेल तर गाडी विकताना, विमा मागताना किंवा तपासणीत ती अडते. पुष्कळ मालक केवळ याच कारणाने खर्च जास्त येऊनही ब्लॉक राखतात.

१९९१ नंतर नवा ट्रक कर्जावर लगेच मिळू लागला आणि टंचाईने दिलेले दुरुस्तीचे मोल उतरले. त्यापाठोपाठ यंत्रेही बदलली. जिनांत २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेने आधुनिकीकरणाला मदत दिली, आणि तिथली यंत्रे आता वीजमोटरींवर चालतात. मोटर जळली की रिवाइंडिंग करायचे की नवी घ्यायची हा तिथला प्रश्न आहे. विहिरींवरही वीजपंप आणि आता सौरपंप आले, आणि तेल-इंजिन भारनियमनातला आधार म्हणून मागे राहिले.

रस्त्यावर प्रदूषणाचे नियम सर्वांत मोठा बदल घेऊन आले. भारत स्टेज ४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ हे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. या इंजिनांत डिझेलचा दाब आणि वेळ संगणक ठरवतो, आणि धुराच्या मार्गात गाळणी व रसायनाची टाकी असते. लोखंडी भाग अजूनही बोअर करता आणि घासता येतात, पण बांधून झाल्यावर संगणकाशी जुळवणी करायला कंपनीचे निदानयंत्र लागते. इंजेक्टरला धुळीचा कणही चालत नाही. त्यामुळे कंपन्या स्वतःच बांधलेली इंजिने जुन्याच्या बदल्यात, हमीसह देऊ लागल्या. रेल्वे आणि एसटीपुरती राहिलेली अदलाबदलीची सोय अशा रीतीने एकट्या मालकालाही मिळाली, मात्र तिची किंमत आणि अट कंपनी ठरवते.

बॉयलरवरच्या निरीक्षकासारखा बाहेरचा निर्णयकर्ताही याच काळात मोटारींवर आला. २०२१ च्या वाहन-मोडीत धोरणाने जुन्या गाड्यांच्या योग्यता तपासणीचे नियम कडक केले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क वाढले. पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण तर १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले, त्यांत एसटीच्या गाड्याही आल्या. तेरा-चौदा वर्षे वयाच्या ट्रकचे ‘फुल इंजिन’ करायचे की नाही हे आता मालक मिस्त्रीकडे जाण्याआधी नोंदणीपुस्तकावरची तारीख पाहून ठरवतो. बांधलेले इंजिन चांगले पाच-सात वर्षे चालेल, पण गाडीला तेवढी वर्षे मिळतील का, हे योग्यता केंद्राच्या दाखल्यावर अवलंबून असते. म्हणून अशा गाड्यांत हेड आणि रिंगांचे हलके काम करून वेळ काढण्याकडे कल वाढला आहे. पूर्ण बांधणीचे काम ट्रॅक्टर, जनरेटर आणि कमी वयाच्या मालट्रकांकडे सरकत आहे.